बॅटऱ्या बदलल्यापासून गोल्फ कार्ट मागून आपटते. पाटे काढू की शॉकअप बदलू?

कातळावरची बाग (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. आमची कातळावर हापूसची बाग आहे आणि बागेतच पाहुण्यांसाठी चार खोल्या. बेड्यापासून (फाटकापासून) खळ्यापर्यंतचा रस्ता चढाचा, जांभ्याच्या चिऱ्यांचा. मोठी गाडी आत घालायची सोय नाही. म्हणून एका रिसॉर्टने काढलेली जुनी बॅटरीवरची गोल्फ कार्ट घेतली. पुढे दोघं, मागे पाठमोरे दोघं. मागची सीट पालथी घातली की तिची फळी होते. सीझनला त्या फळीवर आंब्याचे क्रेट जातात, एरवी पाहुणे आणि घरची वयस्क माणसं.

मागून ती पहिल्यापासून जरा कडक होती, पण चालून जायचं. यंदा पावसाळ्याआधी ॲसिडच्या सहा बॅटऱ्या काढून लिथियमचा एकच पॅक बसवला. चढावर गाडी आता दमत नाही आणि चार्जिंग दिवसभर पुरतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तेव्हापासून मागचा भाग अक्षरशः उडतो. दोन चिऱ्यांमधला सांधा आला की खालून ठोसा बसावा तसं होतं. चौघं बसले की हीच गाडी बरी चालते. मी एकटी चालवत असले की सगळ्यात वाईट.

सासूबाईंची हाडं ठिसूळ झाली आहेत, एक मणका दबला आहे. डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितलंय. देवळात जायचं तर बेड्यापर्यंत याच गाडीतून यावं लागतं, आणि त्या दांडी घट्ट धरून, डोळे मिटून बसतात ते मला बघवत नाही. त्यांनी घराबाहेर पडणं थांबवू नये, एवढ्यासाठी हे नीट करून घ्यायचं आहे.

मागे दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या चार-चार पोलादी पाट्यांचे जाड सेट आहेत. आधीच्या मालकाने सामान वाहायला म्हणून ते घालून घेतले होते. बाजूला एकेक शॉकअप. चेसी ॲल्युमिनियमची. गावातल्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, पिकअपचे दमदार शॉकअप टाकू, मग उडणार नाही. मला ते पटत नाहीये. काय करावं?

निलंबन (पुणे)

ताई, शॉकअपचे पैसे सध्या खिशातच ठेवा. चौघं बसले की बरी चालते, म्हणजे स्प्रिंग गाडीच्या आताच्या वजनाला फार ताठ आहे. मी वाहनांच्या सस्पेन्शनवरच काम करतो, हे दुखणं रोज बघतो.

आठ व्होल्टची ॲसिडची बॅटरी साधारण २८ ते ३० किलोची असते. सहा मिळून १७०-१८० किलो. तुमचा लिथियम पॅक ४५-५० किलोचा असेल. म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास वजन गेलं, आणि बॅटऱ्यांची जागा मागच्या ॲक्सलजवळ असल्यामुळे त्यातलं बरंचसं मागच्या पाट्यांवरचं गेलं. पाटे मात्र तेच राहिले, तेही सामानासाठी जाड केलेले.

अंदाजावर न जाता मोजून घ्या. गाडी सपाट जागेवर घ्या, मेन स्विच बंद करा, पुढच्या चाकांना अडसर लावा. मागून दोन-चार वेळा जोरात दाबून सोडा, कारण पाटे एकमेकांना चिकटून असले तर माप खोटं येतं. मग मागच्या ॲक्सलपासून सरळ वर चेसीपर्यंतचं अंतर मोजा. आता जॅक चेसीला लावून मागची बाजू उचला, चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली राहतील इतकीच. पुन्हा तेच अंतर मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे पाटा नुसत्या गाडीच्या वजनाने किती दबतो ते. मग चौघांना बसवून परत मोजा. ॲक्सल वर आदळू नये म्हणून चेसीला खालून रबर असतं, रिकाम्या गाडीत ॲक्सल आणि ते वरचं रबर यांच्यात किती जागा राहते तेही बघा.

आणि टायरमध्ये हवा किती आहे?

कातळावरची बाग (रत्नागिरी)

आज मापं घेतली. जुनी एक बॅटरी मांगरात पडून होती, ती आंब्याच्या वजनकाट्यावर ठेवली तर २९ किलो भरली. तुमचा अंदाज बरोबर.

रिकाम्या गाडीने पाटा २ सेंटीमीटर दबतो. चौघं बसल्यावर साडेपाच. रिकाम्या गाडीत वरच्या रबरापर्यंत ६ सेंटीमीटर जागा आहे. हवा ३२ निघाली. टायरच्या कडेला जास्तीत जास्त २२ पीएसआय लिहिलंय. पंक्चरवाला रिक्षाच्या हिशोबाने भरत असणार.

निलंबन (पुणे)

आधी हवा. १८-१९ वर आणा आणि क्रेट लादायचे असतील त्या दिवशी २२ करा. तुमच्याकडे आठ इंची रिमवर उंच टायर असतील तर रबराची भिंतच चार-पाच इंच उंच आहे. चिऱ्यांच्या सांध्यासारखा बारीक धक्का टायरनेच खायचा असतो, पाट्यापर्यंत तो जायलाच नको. ३२ हवेत टायर दगड होतो.

आता तुमची मापं. ५ ला दबण्याच्या सेंटीमीटरच्या वर्गमुळाने भागा, म्हणजे गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होईल ते येतं. २ सेंटीमीटरला साडेतीन वेळा. साडेपाचला दोनच्या थोडं वर. मोटारगाड्यांमध्ये हा आकडा साधारण १ ते दीडच्या दरम्यान ठेवतात. बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या धक्क्यांना सगळ्यात हळवं असतं ते ४ ते ८ या टापूत. अंगाला बसणारे धक्के मोजण्याची जी आयएसओ २६३१ पद्धत आहे, तीही याच टापूला सर्वांत जास्त भार देते. तुमची रिकामी गाडी त्याच्या उंबरठ्यावर आहे. पाटे गंजून जाम असतील तर बारीक धक्क्यांना ते दबतच नाहीत, मग सगळी गाडी टायरवरच नाचते आणि आकडा आणखी वर जातो. सासूबाई डोळे मिटून घेतात त्याचं कारण हे आहे.

पिकअपचा शॉकअप का नको, तर शॉकअप वजन पेलत नाही. पाट्याची उसळी जिरवणं एवढंच त्याचं काम. दीड-दोन टनाच्या गाडीची उसळी जिरवायला बनवलेला शॉकअप इतक्या हलक्या गाडीला लावला तर पटकन येणाऱ्या धक्क्याला तो हलणारच नाही, धक्का सरळ चेसीत जाईल. गाडी उडायची थांबेलही कदाचित, पण ठोसा वाढेल.

एक गोष्ट आजपासून करता येईल. सासूबाईंना मागच्या पाठमोऱ्या सीटवर अजिबात बसवू नका. ती सीट ॲक्सलच्याही मागे लोंबते, गाडी पुढेमागे झुलते ते तिथे सगळ्यात जास्त लागतं. पुढे, तुमच्या शेजारी, दोन्ही ॲक्सलच्या मध्ये बसलेल्या माणसाला त्याच रस्त्यावर बराच कमी त्रास होतो.

पाटेवाले काका (दापोडी)

निलंबन साहेबांचा हिशोब वाचला, बरोबर आहे. आता हातांनी काय करायचं ते मी सांगतो. एसटीच्या वर्कशॉपमध्ये पाट्यांच्या खात्यात माझी नोकरी झाली, पाटा बघितला की मला राहवत नाही.

ताई, पाटा काढायच्या आधी पाटा उघडा. रत्नागिरीची खारी हवा, चार महिने पाऊस, आणि गाडी बरीचशी उभी. तुमची चेसी ॲल्युमिनियमची आहे म्हणून वरून सगळं छान दिसेल, पण पाटे पोलादाचे आहेत. पाट्यांचा सेट चालतो कसा, तर दबताना प्रत्येक पाटा खालच्या पाट्यावर केसभर सरकतो. मध्ये गंज बसला की सरकणं बंद. मग चार पाटे राहत नाहीत, एक जाड सळई होते. मोठ्या खड्ड्यात ती वाकेल, पण चिऱ्याच्या सांध्याला ढिम्म हलणार नाही. तुम्ही लिहिलंय तो खालून बसणारा ठोसा मला या गंजाचाच वाटतो. वजन कमी झाल्यावर तो जास्त जाणवायला लागला एवढंच.

गाडी चेसीला घोड्या (पक्के स्टँड) लावून उभी करा, नुसत्या जॅकवर कधीच काम करू नका. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे ॲक्सल जागेवर राहील. पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट सोडा, पाटा उतरवा. पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट काढताना सेट शिकंज्यात धरा किंवा दोन सी-क्लॅम्प लावा. पाटे ताणात असतात, बोल्ट निघाला की उसळतात, बोटं जातात. प्रत्येक पाट्याला खालून-वरून तारेचा ब्रश मारा. टोकांकडे बघा, खालच्या पाट्याचं टोक वरच्यात रुतून खाच पडली असेल तर ती कानशीने गुळगुळीत करा. आडवी भेग दिसली तर तो पाटा बाद, त्यावर वेल्डिंग करून घेऊ नका. मग ग्राफाइट ग्रीसचा पातळ हात. पाट्यांच्या टोकांखाली घालायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळतात, त्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं.

मागच्या बाजूला शॅकल आहे, ते बोटाने हललं पाहिजे. बुशातली (पाट्याच्या डोळ्यात बसवलेल्या रबरी अस्तरातली) नळी बोल्टला गंजून धरलेली असते, कुणीतरी नटही आवळून ठेवलेला असतो. पाटा दबला की लांब होतो, त्या लांबीला वाट देणारं शॅकल आहे. ते जाम असेल तर पाटा दोन्हीकडून डांबून ठेवल्यासारखा होतो, मग कितीही चांगला पाटा घाला.

आता पाटा कमी करण्याबद्दल. चौथा म्हणजे सगळ्यात खालचा, आखूड पाटा काढला तर गाडी नक्की मऊ होईल. पण तुमच्या मापाने बघा. चौघं बसल्यावर पाटा साडेतीन सेंटीमीटर आणखी दबतो आणि जागा ६ आहे. मऊ केला तर रिकामी गाडीच पाऊण सेंटीमीटर खाली बसेल, वर चौघांनी साडेचारपर्यंत दबेल, उरला जेमतेम पाऊण. क्रेट भरून चढ उतरताना चाक खड्ड्यात गेलं की ॲक्सल वर आदळणार. आंबाही दबेल, चेसीही दुखेल. म्हणून तो पाटा फेकू नका, त्याचा हेल्पर करा.

मालवाहू पिकअपच्या मागे वाकून बघा कधी. खालचा पाटा जवळपास सरळ असतो आणि रिकाम्या गाडीत वरच्या पाट्यांना टोकाने टेकलेला नसतो. माल भरला की वरचे पाटे खाली येतात आणि मग तो कामाला लागतो. तुमच्या चौथ्या पाट्याची कमान अशीच उतरवून घ्यायची. एकटी बाई गाडीत असेल तर तीन पाटे, क्रेट भरले की चार. पाटेवाल्याकडून हे प्रेसवर थंडच करून घ्या. गॅसने लाल करून वाकवायला निघाला तर पाटा उचलून घरी या, पोलादाचं पाणी उतरतं आणि महिन्याभरात पाटा बसतो. डाव्या-उजव्या दोन्ही पाट्यांची कमान एकमेकांवर ठेवून सारखी आहे ना ते तुमच्या डोळ्यांनी बघा.

जॉर्जियातला मराठी (पीचट्री सिटी)

इथे वाचून बरं वाटलं. आमच्या अमेरिकेतल्या या गावात गाड्यांच्या रस्त्यांपासून वेगळे, फक्त गोल्फ कार्टचे आणि चालणाऱ्यांचे असे शंभर मैलांच्या आसपास रस्ते आहेत. किराणा आणायला, मुलांना मैदानावर सोडायला आम्ही कार्टच काढतो. झाडांच्या मुळांनी डांबर उचललेलं असतं, त्यामुळे मागच्या सीटची तक्रार इथे घरोघरी.

लिथियम घातल्यावर मागून कडक झाली हे इथेही खूप जणांनी अनुभवलंय. माझ्या कार्टला आधीच्या मालकाने घातलेले जादा पाटे होते, ते काढून कंपनीचे मूळ मापाचे घातले आणि निम्म्याहून जास्त त्रास गेला. आम्ही क्रेट वाहत नाही, म्हणून ते चाललं. काकांचा हेल्परचा उपाय तुमच्यासाठी जास्त योग्य वाटतो.

दिसायला छान म्हणून मोठी रिम आणि पातळ टायर घालायचा मोह इथे सगळ्यांना होतो. चौदा इंची रिमवर रबर दोन-अडीच इंच उरतं. आठ इंचीच ठेवा.

बुलेटप्रेमी (कोल्हापूर)

मी काय म्हणतो, बाईकचे स्प्रिंगवाले शॉकअप जुने मिळतात, दोन्ही बाजूंना वेल्डिंग करून लावून टाकायचे. मित्राने शेतातल्या ट्रॉलीला केलंय, झकास चालते.

पाटेवाले काका (दापोडी)

मित्रा, ट्रॉलीला चालेल, इथे नको. शॉकअपवरची स्प्रिंग वजन उचलते, म्हणजे ताठ पाट्याला आणखी एक ताठ स्प्रिंग जोडल्यासारखं. ताईंना हवंय त्याच्या उलटं. पाटा तुटायला आला असता, गाडी मागून बसली असती तर गोष्ट वेगळी.

शिवाय चेसी ॲल्युमिनियमची आहे. क्लब कारच्या गाड्यांची असते, ई-झी-गोची लोखंडी असते. ॲल्युमिनियमवर नेहमीचा वेल्डर चालत नाही, वेगळं मशीन आणि वेगळा हात लागतो, आणि वेल्डिंगशेजारची जागा नरम पडते ती पडतेच. ज्या चेसीवर घरची माणसं बसतात तिला मी आग लावू देणार नाही.

कातळावरची बाग (रत्नागिरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. हवा १८ केली त्याच दिवशी फरक पडला, सांध्यांचा टकटक आवाज कमी झाला. पण खरं काम काल झालं. नवरा आणि आमचा गडी दोघांनी मिळून उजवी बाजू खोलली, मी शेजारी बसून होते.

काका, तुम्ही लिहिलं होतं तसंच निघालं. सेंटर बोल्ट काढला, क्लॅम्प सैल केले, तरी पाटे सुटे होईनात. छिन्नी घालून एकेक वेगळा करावा लागला. मध्ये गंजाची पापुद्र्यासारखी वडी जमली होती, ती हातात घेतली तर तिच्यावर पाट्याच्या टोकाचा ठसा उमटलेला. पाट्यांवर सरकल्याची चकाकी कुठेच नव्हती. खालच्या पाट्याची कड तर बोटाने चाचपली की खवले निघत होते. शॅकलचा बोल्ट हातोडीने ठोकून, डिझेलमध्ये रात्रभर भिजवून निघाला. आतली नळी त्याला इतकी धरून होती की तिच्यासकट फिरत होता. भेग कुठे नाही, टॉर्च लावून बघितलं.

शॉकअप खालून सोडून हाताने दाबून पाहिला. दोन्ही दिशांना सारखा जोर लागतो, तेलाचा ओघळ नाही.

डावी बाजू अजून तशीच आहे, तरी उजवीकडचा फरक कळतो. गाडीच्या उजव्या कोपऱ्यावर हाताने भार दिला की ती खाली जाऊन वर येते, डावी नुसती करकरते. चौथा पाटा घेऊन उद्या रत्नागिरीत पाटेवाल्याकडे जाणार आहोत, प्रेस आहे का ते फोनवर विचारून घेतलंय.

दोन शंका आहेत. हेल्पर पाटा आणि तिसरा पाटा यांच्यात टोकाला फट किती ठेवायची? आणि शॅकलला नवीन बुश रबराचे घालू की त्या रंगीत पॉलीयुरेथेनच्या? दुकानदार म्हणतो रंगीत जास्त टिकतात.

निलंबन (पुणे)

फटीचं मी सांगतो. तीन पाट्यांवर रिकामी गाडी साधारण पावणेतीन सेंटीमीटर दबेल, दोघं पुढे बसल्यावर चारपर्यंत जाईल. तिथपर्यंत हेल्पर लागू नये. रिकामी गाडी जमिनीवर उभी असताना टोकाला फट दिसेल आणि दोघं पुढे बसल्यावर ती जेमतेम मिटायला येईल इतकी कमान उतरवा. मग सासूबाई आणि तुम्ही असताना तो टेकत नाही, मागे माणसं किंवा क्रेट आले की टेकतो. सगळं बसवल्यावर पुन्हा तीच मापं घ्या आणि क्रेट भरून वरच्या रबरापर्यंत निदान दोन सेंटीमीटर जागा उरते ना ते बघा.

सीटचा फोमही एकदा उघडून पाहा. जुन्या गाड्यांमध्ये खालचा प्लायवूड फुगलेला आणि फोमचा चुरा झालेला असतो. सासूबाई बसतात त्या पुढच्या सीटला ४० डेन्सिटीचा नवा फोम घालून घ्या, वर दोन बोटं मऊ थर. त्याने पाट्याचं काम होत नाही, पण जो बारीक थरथराट उरतो तो जातो.

पाटेवाले काका (दापोडी)

बुश रबराच्या घाला. पॉलीयुरेथेन जास्त टिकतं हे खरं, पण ते ताठ असतं आणि त्याला वेळच्या वेळी सिलिकॉन ग्रीस लागतं, नाहीतर किरकिरतं. तुम्हाला आराम हवाय. रबराला मात्र नेहमीचं ग्रीस किंवा डिझेल लागू देऊ नका, रबर फुगतं. तुम्ही बोल्ट डिझेलमध्ये भिजवलाय, तो आणि बुशाचं घर साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडं करून मगच बुश बसवा. आतल्या नळीला बाहेरून साबणाचं पाणी लावलं की ती सरकून बसते. बोल्टच्या अंगाला, नळीच्या आत, ग्रीस चालेल, तिथे ते हवंच, म्हणजे पुढच्या पावसाळ्यानंतर हातोडी लागणार नाही.

शॅकलचे आणि पाट्याच्या पुढच्या टोकाच्या डोळ्याचे नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून, पुढे दोन माणसं बसवून. घोड्यांवर लोंबत्या पाट्याने आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. यू-बोल्ट जुने परत लावू नका, एकदा ताणलेला यू-बोल्ट धरत नाही, नवे घ्या. चारही नट एकाआड एक, सारखे आवळा. आठवडाभर चालवल्यावर पुन्हा पाना लावून बघा, ते थोडे सैल झालेले सापडतील.

डाव्या बाजूची वडी निघाली की फोटो टाका.